एक्झिटचा शब्द

माझ्या मैत्रिणीच्या यजमानांनी चाळीस वर्षं दारं उघडण्याचं काम केलं. कधी बटलर, कधी हॉटेलचा दरवान, कधी तुरुंगाचा पहारेकरी. ते इंग्लंडमधले नट होते, पण ज्यांची नावं जाहिरातीत मोठ्या अक्षरांत येतात त्यांच्यातले नव्हेत. नायक घरी आला की त्याच्यासाठी कुणीतरी दार उघडावं लागतं, त्याचा ओला कोट हातात घ्यावा लागतो. नाटकात आणि सिनेमात ते कुणीतरी म्हणजे हे. आपल्याकडे अशा नटाला चरित्र अभिनेता म्हणतात, असं मी त्यांना एकदा सांगितलं. चरित्र म्हणजे काय, त्यांनी विचारलं. मी अर्थ सांगितला. त्यावर ते म्हणाले, "बाई, माझा चरित्र म्हणजे चहाचा ट्रे."

"माझं चरित्र," मी म्हटलं. "नपुंसकलिंग."

मी अशीच आहे. तलासरीच्या पूर्वेकडच्या डोंगरपट्टीतल्या एका शाळेत मी सव्वीस वर्षं मराठी शिकवलं आणि आता डहाणूजवळ मसोलीत राहते. शाळेत माझी ओळख लाल शाईने होती. तिकडच्या पाड्यांवरची मुलं घरी त्यांची बोली बोलतात, बाजारात गुजराती ऐकतात आणि शाळेत येऊन माझ्यासमोर पानी म्हणतात. सव्वीस वर्षं मी पानीचं पाणी करत बसले. ण म्हणता येत नाही म्हणून किती मुलांना वर्गासमोर उभं केलं ते आठवलं की आता लाज वाटते. तेव्हा वाटायची नाही.

मैत्रीण समुद्रकाठच्या झाई गावची. डहाणूला शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. ती पुढे नर्स झाली, इंग्लंडला गेली आणि तिथेच राहिली. स्टेजच्या पायऱ्यांवरून पडून पाय मोडलेला एक नट तिच्या वॉर्डात आला, त्याच्याशी तिने लग्न केलं. पत्रात तिने लिहिलं होतं, "दिसायला साधा आहे, पण आजारी माणसाचं काम फार मन लावून करतो." दोघांना मूल झालं नाही. दहा वर्षांपूर्वी ती त्यांना घेऊन झाईला परत आली, वडिलांच्या चिकूच्या वाडीतल्या घरात. तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती. गावात त्यांना सगळे साहेब म्हणू लागले. मी भावोजी म्हणायचे, कारण मैत्रीण मला बहिणीसारखी होती. ते मला बाई म्हणत, जसं माझे विद्यार्थी म्हणतात.

पाच वर्षं दोघं मजेत राहिली. मग ती आजारी पडली. नर्सच ती, आपल्याला काय झालंय हे तिला डॉक्टरांच्या आधी कळलं होतं. एका दुपारी तिने मला बोलावून घेतलं आणि पलंगाच्या कडेला बसवलं.

"याला मराठी शिकव," ती म्हणाली. "माझ्यामागे हा बोलणार कुणाशी?"

हा प्रश्न खराच होता. झाईत इंग्रजीत बोलणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि तीही घाईत असतात. घरकामाला होती ती मावशी तलासरीकडच्या एका पाड्यावरची. तिची आणि इंग्रजीची कधी तोंडओळखही झाली नव्हती. माझं इंग्रजी शाळामास्तरणीचं, वाचायला बरं, बोलायला घाबरट. मैत्रिणीला मी शब्द दिला. महिन्याभराने ती गेली.

त्यांना मराठी अगदीच येत नव्हतं असं नाही. बायकोचं ऐकून ऐकून थोडं उचललं होतं. पण ते सगळं बायकोचं मराठी. "मी चहा पिते. मी पेपर वाचते. मी बाजारात जाते." सहा फूट उंच, पांढऱ्या भुवयांचा माणूस "मी दाढी करते" म्हणाला की मावशी पदर तोंडात घालून स्वयंपाकघरात पळायची. मला हसू आलं नाही. मी टेबलावर पट्टी आपटली.

"तुम्ही पुरुष आहात, भावोजी. जातो. म्हणा, मी जातो."

"मी जातो."

"तू जातोस. तो जातो. परत पहिल्यापासून."

मंगळवारी आणि शुक्रवारी डहाणूहून झाईची बस पकडायची, अकराला पोहोचायचं आणि पडवीत बसून क्रियापदं चालवायची. पहिलं क्रियापद जाणे घेतलं, कारण व्याकरणाच्या पुस्तकात ते पहिलं होतं. दुसरं काही कारण नव्हतं. मी जातो, हे त्यांच्या तोंडी बसेपर्यंत मी त्यांना सोडलं नाही. दोन आठवडे गेले त्यात. त्यांनी ते वाक्य आपल्या वहीत लिहून घेतलं, आणि ती वही साधी नव्हती.

त्या वहीत त्यांची सगळी कामं होती. एकेका भूमिकेला एक पान. कुठून प्रवेश, हातात काय, किती वाक्यं, कुठून एक्झिट, आणि शेवटी एक रकाना होता, का. म्हणजे हा माणूस आत का आला आणि बाहेर का गेला. नाटककाराने ते लिहिलेलं नसायचं. दरवान बाहेर का जातो याची कुणाला पडलीय. भावोजींना पडायची. एका नाटकात ते पाद्री होते, शेवटच्या अंकात येऊन आता आशा नाही एवढंच सांगणारे. त्या पानावर 'का' या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं की पाद्र्याचे मोजे ओले आहेत आणि त्याला घरी जाऊन ते बदलायचे आहेत. प्रेक्षकांना मोजे दिसत नव्हते. पण ते लवकर निघू बघतायत एवढं मात्र दिसत होतं, आणि त्यामुळे, त्यांचं म्हणणं, लोकांना जास्त वाईट वाटायचं.

"लहान नटाजवळ दोनच गोष्टी असतात," ते म्हणायचे, अर्धं मराठीत, अर्धं इंग्रजीत. "येणं आणि जाणं. मधलं सगळं दुसऱ्याचं नाटक."

एकदा त्यांनी मला आणि मावशीला टीव्हीवर आपला एक जुना सिनेमा दाखवला. मोठं घर, झुंबरं, जेवणाचं लांबलचक टेबल. आम्ही अर्धा तास वाट पाहिली. मग ट्रे धरलेला एक हात आला, कप ठेवला आणि गेला.

"ते मी," भावोजी म्हणाले.

"तोंड कदी दाखवतील?" मावशीने विचारलं.

"नाही दाखवत."

मावशीला ते पटलं नाही. तिने सिनेमा संपेपर्यंत तोंडाची वाट पाहिली. त्यांची बायको हा सिनेमा वर्षातून एकदा लावायची आणि त्या हाताशी थांबवून ठेवायची, असं त्यांनी मला नंतर सांगितलं. फिरत्या नाटक कंपन्यांबरोबर ते महिनोन्‌महिने घराबाहेर असायचे तेव्हा तिला तेवढाच हात घरी होता.

दोनेक वर्षांनी विसरणं सुरू झालं. आधी बारीकसारीक. एकाच सकाळी दोनदा चहा टाकला, चष्मा फ्रिजमध्ये सापडला. आमच्या वयात एवढं चालायचंच म्हणून मी सोडून दिलं. मग एका शुक्रवारी मी गेले तर ते पडवीत उभे होते आणि मला म्हणाले, ती आंघोळीला गेलीय, बसा. ती म्हणजे कोण, मी विचारलं नाही. थोड्या वेळाने त्यांच्याच लक्षात आलं. ते खुर्चीत बसले आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून जमिनीकडे बघत राहिले. डहाणूच्या डॉक्टरांनी तपासून स्पष्ट सांगितलं की हे वाढत जाणार.

भावोजींनी त्यावर एकच प्रश्न मला विचारला, डॉक्टरांना नाही. "शब्द पण जातील?"

त्यांचा अभिमान त्यात होता. चाळीस वर्षांत एकदाही वाक्य विसरले नव्हते. नायक विसरायचे, नायिका विसरायच्या, पडद्याआडून प्रॉम्प्टर घसा फोडायचा. पण ट्रे घेऊन येणारा माणूस विसरला तर नाटकच थांबतं, असं ते म्हणायचे.

त्याच सुमारास माझा एक जुना विद्यार्थी झाईला आला. तो आता आमच्याच शाळेत मास्तर आहे. स्नेहसंमेलनात माजी विद्यार्थी एक नाटक करणार होते, ते त्यानेच लिहिलं होतं. साहेबांनी त्यात काम करावं अशी सगळ्यांची इच्छा होती. काम काय, तर इंग्रज साहेबाचं. हॅट घालायची, हातात छडी घ्यायची, एकदा इकडून तिकडे चालायचं. वाक्य नाही.

भावोजींनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "नाटकात अजून कोण म्हातारा आहे?"

होता एक. पाड्यावरचा आजा. मुलगा त्याला कायमचं आपल्याकडे शहरात न्यायला येतो आणि आजा घर सोडून निघतो. पाच वाक्यं होती.

"मला तो पाहिजे."

मास्तरने माझ्याकडे पाहिलं. त्याला हसावं की काय करावं कळेना. गोरा आजा कसा दिसेल, असं तो हळूच पुटपुटला. भाकरी थापता थापता मावशी आतून म्हणाली, "ऊन नाय लागलं त्याला, येवढंच." पाड्यावरची माणसं सगळ्यांना तू म्हणतात, देवालाही आणि तहसीलदारालाही. साहेबांना ती बाबा म्हणायची आणि तू म्हणायची.

मास्तर गेल्यावर भावोजी मला म्हणाले की ही पाच वाक्यं राहिली तर ते अजून नट आहेत. नाही राहिली तर ते बोलणं बंद करतील, मराठी आणि इंग्रजी दोन्ही. चुकीचं बोलणारा म्हातारा होऊन त्यांना जगायचं नव्हतं. ते नाटकी बोलणं नव्हतं. आयुष्यभर नाटक केलेला माणूस खरं बोलताना फार साधा बोलतो, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. मला मैत्रिणीचा प्रश्न आठवला. माझ्यामागे हा बोलणार कुणाशी. मी ठरवलं की पाच वाक्यं मी त्यांच्या डोक्यात खिळ्याने ठोकीन.

चार वाक्यं आठवड्याभरात बसली. पाचवं शेवटचं होतं. गाठोडं घेऊन आजा दाराशी येतो, गावीच राहणाऱ्या धाकट्या सुनेकडे बघतो आणि म्हणतो, "येतो. कडी लावू नको." मग जातो.

तिथे भावोजी अडले. "बाई, तो जातोय ना?"

"हो."

"मग येतो का म्हणतो?"

"तसंच म्हणतात."

"का?"

"तसंच म्हणतात, भावोजी. पाठ करा."

पुढच्या खेपेला पुन्हा तेच. ते वही उघडून बसले होते. आजाचं पान, प्रवेश, हातात गाठोडं, एक्झिट, आणि 'का' हा रकाना रिकामा. कारण कळलं की शब्द आपोआप येतो, नुसता पाठ केलेला शब्द घाबरला की पळतो, असं त्यांनी मला समजावून सांगायचा प्रयत्न केला. माझा पारा चढला. सव्वीस वर्षं मी मुलांना 'का' असं विचारू दिलं नव्हतं, यांना कशी देणार. खरं म्हणजे मला उत्तर माहीत होतं. प्रत्येक मराठी माणसाला माहीत असतं. पण ते कुठल्या पुस्तकात नाही, कुणी कुणाला शिकवत नाही, आणि बायको गेलेल्या माणसासमोर ते सांगायचं कसं, हेही मनात होतं. चिडणं सोपं होतं. मी चिडले. वीस वेळा येतो म्हणवून घेतलं आणि बस पकडली.

मावशीने आपल्या परीने उपाय केला. विवळवेढ्याला जाऊन महालक्ष्मीला नारळ दिला, बाबाच्या डोक्यात पाच गोष्टी राहू दे म्हणून. पाचच मागितल्या.

नाटक दुपारी चारला होतं. शाळेच्या व्हरांड्याचाच रंगमंच, पुढे पटांगणावर मांडव. मास्तरने जुन्या कपाटाचं दार काढून लाकडी चौकटीत बसवलं होतं, त्यातून एक्झिट. बायका पुढे जमिनीवर, पुरुष मागे खुर्च्यांवर आणि मोटारसायकलींवर. मावशी पहिल्या रांगेत मधोमध बसली होती, नवं लुगडं नेसून. भावोजी गुडघ्यापर्यंत धोतर आणि खांद्यावर टॉवेल टाकून आले तेव्हा त्यांचे पांढरे पाय बघून मांडवात हशा पिकला. ते थांबले नाहीत. वाकून उंबऱ्यातून आत आले, एक हात भिंतीला लावला, हळूच चुलीजवळ बसले आणि राखेत काडीने काहीतरी उकरू लागले. हसणं कमी कमी होत गेलं. त्या पाड्यांवरचे सगळे म्हातारे असेच बसतात. हे त्यांनी कधी पाहिलं होतं मला माहीत नाही.

मी पडद्याआड नाटकाची वही घेऊन उभी होते. पहिलं वाक्य आलं. दुसरं, तिसरं. चौथं इतकं हळू म्हटलं की मागच्या मोटारसायकलींवरचे लोक खाली उतरले. मग बाहेर मुलाच्या गाडीचा हॉर्न वाजला. भावोजींनी गाठोडं उचललं, दाराशी आले, सुनेकडे वळले आणि थांबले.

ते थांबणं नाटकातलं नव्हतं. तीन वर्षं आठवड्यातून दोनदा समोर बसलेल्या माणसाचा चेहरा मी ओळखते. शब्द गेला होता. मी पडद्याआडून येतो म्हटलं. मांडवामागे जनरेटर चालू होता, माझं मलाच ऐकू आलं नाही. पुन्हा म्हटलं. त्यांनी एक पाऊल चौकटीबाहेर टाकलं, आणि स्वच्छ, खणखणीत, लिंग-वचनात तसूभर चूक नाही अशा मराठीत म्हणाले, "मी जातो."

ते माझं वाक्य होतं. पट्टी आपटून बसवलेलं. सगळं पळून गेलं तेव्हा तेवढंच जागेवर होतं.

घरातून निघालेला म्हातारा असं म्हणाला की बायकांच्या अंगावर काटा येतो, मग तो नाटकातला का असेना. वहीचा कागद माझ्या हातात चुरगळला. मी पडदा सोडून पुढे जाणार होते, काय करायला ते माहीत नाही. तेवढ्यात पहिल्या रांगेतून मावशी उठून उभी राहिली.

"जातो काय म्हनतो, बाबा? येतो म्हन."

भावोजींनी चौकटीबाहेरचं पाऊल आत घेतलं. तिच्याकडे पाहिलं. आणि अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल असं विचारलं, "का?"

"जातो म्हनलेला मानूस परत येत नाय," मावशी म्हणाली. त्यांना घरी भाकरी घे म्हणते त्याच आवाजात. "येतो म्हनलं का घर वाट बघतं."

मग त्यांनी मान हलवली, गाठोडं या हातातून त्या हातात घेतलं आणि त्या कपाटाच्या दाराला, घराला म्हणावं तसं, म्हणाले, "येतो."

सुनेचं काम करणारी मुलगी रडायला लागली होती. तिला ते म्हणाले, "कडी लावू नको." आणि गेले.

टाळ्या उशिरा सुरू झाल्या, पण थांबेनात. मावशीचं बोलणं नाटकात लिहिलेलंच होतं असं सगळ्यांना वाटलं. मास्तर शहाणा, त्याने काही खुलासा केला नाही. कुणीतरी मोबाईलवर काढलेला व्हिडिओ त्याच संध्याकाळी तलासरीभर फिरला.

भावोजी शाळेमागे हातपंपाजवळच्या दगडावर बसले होते. मी त्यांच्यासाठी चहा घेऊन गेले. काम फार छान झालं, मी म्हटलं. त्यांनी कप घेतला नाही.

"हे तुम्हाला माहीत होतं, बाई?"

"होतं."

"मग सांगितलं का नाही?"

मी म्हटलं की आम्हाला कुणी सांगत नाही, आम्ही नुसतं म्हणतो. उत्तर खरं होतं आणि लंगडं होतं. मग ते इंग्रजीत बोलले, कारण ते मराठीत बोलण्याइतकी ताकद त्यांच्यात नव्हती. बायकोला शेवटच्या वेळी ॲम्ब्युलन्समध्ये बसवलं तेव्हा तिने त्यांचा हात धरला आणि मराठीत म्हणाली, येते. तेवढा शब्द त्यांना कळत होता. त्यांना वाटलं, औषधांनी तिचा गोंधळ झालाय. म्हणून त्यांनी तिला सांगितलं, नाही, तू जातेयस.

"मी तिची चूक सुधारली," ते म्हणाले.

मला तिथे रडू आलं, आणि राग आला तो फक्त माझा. पहिल्या दिवशी पट्टी आपटण्याऐवजी हे एक वाक्य सांगितलं असतं तर. तर काय झालं असतं, ती तर तेव्हा गेलेलीच होती. पण निदान त्यांना ते हातपंपाजवळच्या दगडावर, अंगावर आजाचं धोतर असताना कळलं नसतं. चहा गार झाला. मास्तरची गाडी आली तशी आम्ही उठलो.

बोलणं मात्र त्यांनी बंद केलं नाही. ती भीती खोटी ठरली. वाक्य विसरलो हे त्यांना मान्य होतं, पण प्रॉम्प्ट चांगला मिळाला, असं ते मावशीला सांगत आणि मावशी कळल्यासारखी हो म्हणे. वहीतला तो रकाना त्यांनी भरला. देवनागरीत, थरथरत्या अक्षरात, "घर वाट बघतं." आणि मग त्यांना येतो म्हणायचा नादच लागला. विहिरीपर्यंत जाताना येतो, न्हाणीघरात जाताना येतो, झोपायला जाताना येतो. मावशी प्रत्येक वेळी ये म्हणायची. एवढा जप मी कुणा मराठी माणसाकडून ऐकला नाही. मी काही सुधारलं नाही. सुधारण्यासारखं काही नव्हतंच.

पुढच्या वर्षभरात एकेक शब्द गेला. आधी माझी क्रियापदं, मग त्यांच्या गावांची नावं, मग मला बाई म्हणणं. मी शेजारी बसून वहीतली पानं वाचायचे आणि ते दुसऱ्याच कुणाच्या गोष्टी असाव्यात तसे ऐकायचे. पाद्र्याच्या मोज्यांवर हसायचे. मावशीला मात्र शेवटपर्यंत ओळखत होते, निदान तिच्या हाताची भाकरी ओळखत होते.

हिवाळ्यात छातीत कफ झाला आणि त्यांना डहाणूच्या दवाखान्यात ठेवावं लागलं. दिवसा मी बसायचे, संध्याकाळपासून मावशी. चार दिवस ते काहीच बोलले नव्हते. पाचव्या दिवशी मी सकाळपासून होते. दुपारी पेज भरवताना त्यांनी तोंड फिरवलं आणि अर्धी वाटी माझ्या साडीवर सांडली. झाईची बस उशिरा आली, त्यामुळे पाचला येणारी मावशी सहा वाजून गेल्यावर आली. माझी पाठ धरली होती. मी तिच्यावर उगाच करवादले, पिशवी उचलली आणि दाराकडे निघाले.

"बरं, मी जाते आता."

"येते म्हन."

मला वाटलं मावशीच. तसाच आवाज, तसंच ठसक्यात, तोच न. मी वळले. मावशी कोपऱ्यातल्या नळावर बाटली भरत होती आणि बाटली तशीच धरून पलंगाकडे बघत होती. भावोजींचे डोळे उघडे होते, माझ्यावर. येतो नाही म्हणाले, येते म्हणाले. स्त्रीलिंग, माझ्यासाठी, बरोबर. आणि तो न, ज्याच्याभोवती मी सव्वीस वर्षं लाल गोल काढला. मी कोण हे त्यांना कळलं होतं की नाही, मला माहीत नाही. कुणीतरी बाई दारातून बाहेर जातेय आणि चुकीचा शब्द बोलतेय, एवढं कळलं होतं.

मी दारातून परत आत आले. त्यांच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हटलं, "येते, भावोजी."

त्यांनी डोळे मिटले. मी रिक्षाने मसोलीला आले, साडी धुवायला टाकली आणि सकाळी साडेसहाला पेजेचा डबा घेऊन दवाखान्यात पोहोचले. मावशी बाहेरच्या बाकावर त्यांची चप्पल मांडीवर घेऊन बसली होती. आत पलंग रिकामा होता, चादर काढून नेली होती. मी म्हटल्याप्रमाणे आले होते.